विश्लेषण : खंड सरकतात हे सांगणाऱ्या वेगेनर यांना मान्यता मिळण्यास अर्धशतक का लागले?

जगाच्या नकाशावर दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतील असे दिसतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. खंड सरकतात, हिमालय भारताच्या धडकेतून उभा राहिला, भूकंप भूपट्टांच्या हालचालींमुळे होतात, हेही पाठ्यपुस्तकात असते. मात्र शंभर वर्षांपूर्वी खंड सरकतात असे म्हणणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाची त्या काळच्या नामवंत भूवैज्ञानिकांनी टर उडवली होती. आल्फ्रेड वेगेनर यांचा मृत्यू 1930 मध्ये झाला, तेव्हा त्यांचा सिद्धान्त जवळपास मोडीत निघाला होता. आज त्याच सिद्धान्ताच्या पायावर संपूर्ण भूविज्ञान उभे आहे. एवढा उशीर का झाला, विरोधक सर्वस्वी चूक होते का आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचा या कथेशी काय संबंध, याविषयी…

आल्फ्रेड वेगेनर कोण होते?

वेगेनर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1880 रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक होते. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. त्यांनी 1905 मध्ये खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण त्यांचे मन हवामानशास्त्रात रमले. बर्लिनजवळच्या लिंडनबर्ग वेधशाळेत मोठे बंधू कुर्ट यांच्यासह ते पतंग आणि फुगे सोडून वरच्या हवेची निरीक्षणे करू लागले. एप्रिल 1906 मध्ये दोघे भाऊ फुग्यातून सलग 52 तासांहून अधिक काळ हवेत राहिले. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता.

त्याच वर्षी ते डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलँडला गेले आणि दोन वर्षे तेथे राहिले. मोहिमेचा प्रमुख आणि त्याचे दोन साथीदार बर्फात मृत्युमुखी पडले, पण वेगेनर यांना ध्रुवीय प्रदेशाची ओढ लागली ती कायमची. परतल्यावर ते मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. वातावरणाच्या उष्मागतिकीवरचे त्यांचे पुस्तक 1911 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते तिशीत नुकतेच पोहोचले होते. भूविज्ञानाचे औपचारिक शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. पुढच्या वादात हीच बाब त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

खंडवहनाची कल्पना कशी सुचली?

1910 च्या अखेरीस एका सहकाऱ्याला भेट मिळालेला नवा नकाशासंग्रह चाळताना अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांमधले साम्य त्यांच्या नजरेत भरले. हे साम्य त्यांच्याआधीही काहींनी नोंदवले होते. अमेरिकी भूवैज्ञानिक फ्रँक टेलर यांनी तर त्याच सुमारास खंड सरकल्याची कल्पना मांडली होती. वेगेनर यांनी सुरुवातीला तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पण 1911 च्या शरद ऋतूत ब्राझील आणि आफ्रिका येथील जीवाश्मांमधील साम्याविषयीचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि ते झपाटल्यासारखे पुरावे गोळा करू लागले.

काही महिन्यांतच, 6 जानेवारी 1912 रोजी, फ्रँकफर्ट येथे भूवैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी आपली मांडणी सादर केली. तेव्हा ते 31 वर्षांचे होते. त्याच वर्षी ते पुन्हा ग्रीनलँडला गेले. चार जणांच्या या तुकडीने हिमस्तरावरच हिवाळा काढला आणि मग आइसलँडी घोड्यांच्या साथीने संपूर्ण बेट ओलांडले. शेवटच्या टप्प्यात अन्न संपल्याने उरलेली जनावरेही मारून खावी लागली. परतल्यावर 1913 मध्ये त्यांनी विख्यात हवामानतज्ज्ञ व्लादिमीर क्योपेन यांची कन्या एल्स हिच्याशी विवाह केला. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांना आघाडीवर जावे लागले. दोनदा जखमी झाल्यानंतर मिळालेल्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी खंड आणि महासागरांच्या उत्पत्तीविषयीचे पुस्तक पूर्ण केले. 1915 मध्ये आलेली त्याची पहिली आवृत्ती जेमतेम 94 पानांची होती. 1920, 1922 आणि 1929 मध्ये त्यांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येक वेळी नव्या पुराव्यांची भर घातली.

त्यांनी कोणते पुरावे मांडले?

किनाऱ्यांचे साम्य हा केवळ आरंभबिंदू होता. वेगेनर यांचे खरे सामर्थ्य वेगवेगळ्या शाखांतील माहिती एकत्र आणण्यात होते. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या पर्वतरांगा आणि खडकांचे थर जुळतात, हे त्यांनी दाखवले. गोड्या पाण्याजवळ राहणारा मेसोसॉरस हा छोटा सरपटणारा प्राणी फक्त दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील परिसरातच सापडतो, मग तो महासागर पोहून गेला कसा, असा प्रश्न त्यांनी विचारला. ग्लोसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आढळत होते. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने 1912 मध्ये अंटार्क्टिकात गोळा केलेल्या दगडांतही हीच वनस्पती निघाली.

या साम्याचे त्या काळी दिले जाणारे उत्तर म्हणजे खंडांना जोडणारे भूपूल. हे पूल कालांतराने समुद्रात बुडाले, असे मानले जाई. वेगेनर यांनी यावर नेमके बोट ठेवले. खंडांचे खडक महासागराच्या तळाच्या खडकांपेक्षा हलके असतात आणि पाण्यावर लाकूड तरंगावे तसे ते खालच्या जड थरावर तोललेले असतात. हा हलका खडक खोल समुद्रात बुडून नाहीसा होणार कसा? भूपूल बुडणे शक्य नसेल, तर खंडच पूर्वी एकत्र असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. या एकसंध महाखंडासाठी पँजिया हे नाव पुढे रूढ झाले.

विदर्भातील कोळशाचा येथे काय संबंध?

वेगेनर यांचा सर्वांत प्रभावी पुरावा प्राचीन हवामानाचा होता आणि त्यात भारताला मोठे स्थान होते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हिमनद्यांनी वाहून आणलेले दगडगोटे भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडतात. महाराष्ट्रात चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला चुनखडक एकोणिसाव्या शतकातच नोंदवला गेला होता. आज उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात कधी काळी बर्फ होते! त्याच्या वरच्या थरांत कोळसा आणि ग्लोसोप्टेरिसची पाने आहेत. नागपूरजवळच्या कामठीचे नाव तर अशाच खडकांच्या एका गटाला दिलेले आहे.

खंड आजच्याच जागी होते असे मानले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बर्फाचे साम्राज्य होते असे म्हणावे लागते आणि त्याच काळात उत्तर गोलार्धात उष्ण, दलदलीची जंगले का होती याचे उत्तर मिळत नाही. हे सर्व भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवले की कोडे सुटते. या दक्षिणेकडील महाखंडाचे गोंडवनलँड हे नावही मध्य भारतातील गोंड प्रदेशावरून आलेले आहे. भारतात काम करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी हे नाव आधी येथील खडकांना दिले आणि ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी ते महाखंडासाठी वापरले. झ्यूस यांच्या मते मधला भूभाग बुडाला होता. वेगेनर यांच्या मते तो दुभंगून दूर गेला होता.

मग विरोध का झाला?

पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद 1924 मध्ये आला आणि वाद जगभर पसरला. नोव्हेंबर 1926 मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकी पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने या विषयावर परिसंवाद घेतला. त्यात बहुतेक नामवंतांनी सिद्धान्तावर कडाडून टीका केली. हवामानतज्ज्ञाने भूविज्ञानात लुडबुड करावी, हे अनेकांना रुचले नव्हते. वेगेनर सोयीचे पुरावे तेवढे निवडतात, असाही आक्षेप होता. खंड सरकतात हे मान्य करायचे तर भूविज्ञानाची तोवरची अनेक गृहीतके मोडीत काढावी लागणार होती.

पण विरोध केवळ अहंकारातून आला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खंडांना ढकलणारे बळ कोणते, या प्रश्नाला वेगेनर यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. पृथ्वीच्या परिवलनामुळे खंडांना विषुववृत्ताकडे नेणारे बळ आणि चंद्र-सूर्याचे भरतीचे बळ, असे दोन पर्याय त्यांनी सुचवले. ब्रिटिश भूभौतिकतज्ज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणित करून ही बळे अत्यंत क्षीण असल्याचे दाखवले. ते गणित बरोबर होते. जहाज पाणी कापत जाते तसे खंड समुद्रतळाचा खडक कापत पुढे जातात, हे चित्रही भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे नव्हते.

तिसरी चूक आकड्यांची होती. ग्रीनलँडच्या रेखांशाच्या जुन्या आणि नव्या मोजमापांची तुलना करून ते बेट दरवर्षी दहा मीटरहून अधिक वेगाने युरोपपासून दूर जात आहे, असे वेगेनर यांनी मांडले. प्रत्यक्षात अटलांटिक वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने रुंदावतो. जुन्या मोजमापांतील त्रुटीच त्यांना खंडाची हालचाल वाटली. हा आपला थेट पुरावा आहे, असे त्यांना अखेरपर्यंत वाटत होते आणि नेमका तोच सर्वाधिक चुकीचा निघाला. थोडक्यात, काय घडले हे वेगेनर यांनी बरोबर ओळखले, कसे घडले हे त्यांना सांगता आले नाही. विरोधकांनी दुसऱ्या उणिवेवर बोट ठेवून पहिली गोष्टही फेटाळली.

या काळात त्यांना साथ कोणी दिली?

जे भूवैज्ञानिक दक्षिण गोलार्धात किंवा भारतात प्रत्यक्ष खडक पाहत होते, त्यांच्यापैकी काहींना हा सिद्धान्त पटला. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू त्वा यांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन तेथील थर आपल्या देशातील थरांशी ताडून पाहिले आणि 1937 मध्ये खंडवहनाच्या बाजूने मोठा ग्रंथ लिहिला. लखनऊचे पुरावनस्पतितज्ज्ञ बिरबल साहनी यांनी 1936 मध्ये जीवाश्म वनस्पतींच्या आधारे वेगेनर यांच्या सिद्धान्ताची तपासणी केली. भारत आणि चीन आज शेजारी आहेत, पण त्या प्राचीन काळातील त्यांच्या वनस्पती अगदी वेगळ्या आहेत. म्हणजे हे भूभाग पूर्वी दूर असावेत, हा मुद्दा त्यांनी पुढे आणला. वेगेनर यांनी दूरच्या खंडांतील साम्य दाखवले होते, साहनी यांनी जवळच्या भूभागांतील भेद दाखवला.

कळीच्या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. पृथ्वीच्या पोटातील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या उष्णतेमुळे खालचा थर भांड्यातील उकळत्या पाण्याप्रमाणे, पण अतिशय संथपणे, वरखाली फिरत असावा आणि त्या प्रवाहांवर खंड वाहून नेले जात असावेत, अशी ती कल्पना होती. वेगेनर यांनीही 1929 च्या आवृत्तीत अशा प्रवाहांचा उल्लेख केला, पण त्याचा पाठपुरावा करण्यास त्यांना आयुष्य उरले नव्हते.

ग्रीनलँडच्या अखेरच्या मोहिमेत काय घडले?

जर्मनीत प्राध्यापकपद मिळत नसल्याने वेगेनर 1924 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात गेले. 1930 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मोठी जर्मन मोहीम ग्रीनलँडला निघाली. किनाऱ्यापासून सुमारे 400 किलोमीटर आत, हिमस्तराच्या मध्यावर ‘आइसमिट्टे’ हे केंद्र उभारून वर्षभर हवामानाची निरीक्षणे घ्यायची आणि बर्फाची जाडी मोजायची, असा बेत होता. मात्र किनाऱ्यावरील समुद्र गोठलेला राहिल्याने सुरुवातच लांबली. मोटारीवर चालणाऱ्या घसरगाड्या खोल बर्फात अडकल्या. मधल्या केंद्रावरील सहकाऱ्यांकडे हिवाळ्यासाठी पुरेसे इंधन आणि सामान पोहोचले नव्हते.

21 सप्टेंबर रोजी वेगेनर स्वतः फ्रिट्झ लोव यांच्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. सोबत 13 ग्रीनलँडवासी होते. कडाक्याच्या थंडीमुळे त्यातील 12 जण परत फिरले. रास्मुस विलुमसेन हा तरुण तेवढा सोबत राहिला. वाटेत बहुतेक सामान सोडावे लागले. तापमान उणे 50 अंशांखाली गेले. 30 ऑक्टोबरला तिघे केंद्रावर पोहोचले, तेव्हा लोव यांच्या पायाची बोटे गोठली होती. ती खिशातल्या चाकूने कापावी लागली. तेथील दोघांनी आहे त्या सामानात हिवाळा काढण्याची तयारी केली होती. पण पाच जणांना पुरेल एवढे अन्न नव्हते. त्यामुळे 1 नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि विलुमसेन किनाऱ्याकडे परत निघाले. ते पोहोचलेच नाहीत.

मे 1931 मध्ये शोधपथकाला बर्फात उभ्या रोवलेल्या स्कीज दिसल्या. त्याखाली वेगेनर यांचा मृतदेह काळजीपूर्वक गुंडाळून पुरलेला होता. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे, असा निष्कर्ष काढला गेला. त्यांना मूठमाती देऊन पुढे निघालेला विलुमसेन कधीच सापडला नाही. वेगेनर यांचा देह तेथेच बर्फात आहे. मोहीम मात्र थांबली नाही. बंधू कुर्ट यांनी सूत्रे हाती घेतली आणि हिमस्तराच्या जाडीची मोजमापे पूर्ण झाली.

मृत्यूनंतर मान्यता कशी मिळाली?

वेगेनर यांना हवा असलेला पुरावा खंडांवर नव्हे, तर समुद्राच्या तळाशी होता आणि तो पाहण्याची साधने त्यांच्या हयातीत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिलहरींच्या साह्याने समुद्रतळाचे नकाशे बनू लागले. 1950 च्या दशकात मारी थार्प आणि ब्रूस हीझन यांना अटलांटिकच्या मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबलचक खचदरी आढळली. 1962 मध्ये हॅरी हेस यांनी मांडले, की अशा रांगांमधून शिलारस वर येऊन नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. म्हणजे खंड तळाला कापत जात नाहीत, तळासह वाहून नेले जातात. वेगेनर यांच्या सिद्धान्तातील सर्वांत कच्चा दुवा येथे दुरुस्त झाला.

याचा पडताळा 1963 मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सुचवला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अधूनमधून उलटते. त्यामुळे सरकणाऱ्या समुद्रतळावर सुलट-उलट चुंबकीय पट्टे उमटलेले असतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी वापरलेली मोजमापे आपल्याच परिसरातील, म्हणजे अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग रांगेवरील होती. हीच कल्पना कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनीही लिहून पाठवली होती, पण दोन नियतकालिकांनी ती नाकारली. 1967-68 पर्यंत भूपट्टांचा सिद्धान्त आकाराला आला आणि वेगेनर यांची मूळ कल्पना त्यात सामावली गेली.

दख्खनच्या पाषाणाने कोणती साक्ष दिली?

त्याआधीच, 1950 च्या दशकात, खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास सुरू झाला होता. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर घडला, हे काढता येते. 1956 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनीही हे काम पुढे नेले. सह्याद्री ज्या खडकाने बनला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे त्यातून दिसून आले. खंडवहन अशक्य मानणाऱ्यांना हा पुरावा टाळणे अवघड होते.

वेगेनर यांचा प्रभाव मोजायचा कसा?

खंडवहनाखेरीज त्यांचे इतर कामही टिकले. ढगांत हिमकण आणि अतिशीत जलबिंदू एकत्र असताना हिमकण वाढत जातात, ही त्यांनी मांडलेली कल्पना इतरांनी पुढे नेली. थंड ढगांतून पाऊस कसा पडतो याचे ते आजही मान्य स्पष्टीकरण आहे. सिल्व्हर आयोडाइड फवारून केल्या जाणाऱ्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांचा आधारही तोच. चंद्रावरची विवरे ज्वालामुखीची नसून उल्कापाताची आहेत, असे त्यांनी 1921 मध्ये मांडले, तेही पुढे खरे ठरले. सासरे क्योपेन यांच्यासह 1924 मध्ये लिहिलेल्या प्राचीन हवामानावरील ग्रंथाने मिलानकोविच यांच्या हिमयुगांच्या गणिताला व्यासपीठ मिळवून दिले. जर्मनीतील ध्रुवीय आणि सागरी संशोधन संस्थेला 1980 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आज संशोधकाचे मूल्यमापन बहुधा पुढच्या काही वर्षांत त्याच्या लेखांचा किती जणांनी संदर्भ दिला यावरून होते. वेगेनर यांना 1930 मध्ये ही फूटपट्टी लावली असती, तर त्यांचे पुस्तक भरपूर संदर्भ मिळालेले, पण बहुतांशी खोडून काढलेले काम ठरले असते. सिद्धान्तातील चुका दाखवणारे विरोधक विज्ञानाला आवश्यकच होते. त्या टीकेमुळेच बळ कोणते, हा प्रश्न जिवंत राहिला. चूक झाली ती उत्तर सापडत नाही म्हणून प्रश्नच निकाली काढण्यात. इरईचा घासलेला खडक आणि ग्लोसोप्टेरिसची पाने तेव्हाही समोरच होती आणि त्यांचा दुसरा समाधानकारक अर्थ कोणालाही लावता आला नव्हता.

भारतीय भूपट्ट आजही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने उत्तर-पूर्वेकडे सरकतो आहे. उपग्रहांच्या साह्याने हे सरकणे थेट मोजता येते. ग्रीनलँडच्या रेखांशात वेगेनर ज्या मोजमापाचा शोध घेत होते, ते अखेर शक्य झाले. हिमालयातील भूकंपांमागे हाच रेटा आहे, भूपट्टाच्या आतल्या भागात साचणाऱ्या ताणाचेही ते महत्त्वाचे कारण मानले जाते.